अनुस्वाराला वायर कशी न्यायची

गेल्या महिन्यात 'भडंग' हा शब्द मी नऊ दिवस पाठीकडून बघितला. १६ इंच उंचीची अक्षरं, १८ मिलिमीटरच्या डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिकच्या) बोर्डातून सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर, कापलेली, आणि पाठीत एलईडीच्या पट्टीसाठी कोरलेली खोबण. अक्षर भिंतीपासून ३ सेंटीमीटर पुढं उभं राहतं, प्रकाश मागं भिंतीवर पडतो आणि अक्षराभोवती प्रभावळ उमटते. रस्त्यावरून बघणाऱ्याला अक्षर काळं आणि त्याची कड उजळलेली दिसते. पट्टी, वायर, सोल्डरचा डाग यांतलं काहीही दिसता कामा नये.

काम सांगलीतल्याच एका भडंगवाल्यांच्या पाटीचं. दुकान जुनं, पेठेतलं. मालकांचं म्हणणं एकच होतं, "मिस्त्री, लांबनं वाचता आलं पायजे, आणि रात्री डोळ्यात खुपता कामा न्हाई." मी हो म्हणालो आणि घरी येऊन कागदावर शब्द लिहून बसलो, तेव्हा लक्षात आलं की हे तीन अक्षरांचं साधं काम नाही. या शब्दात देवनागरीतल्या सगळ्या अडचणी एका ओळीत उभ्या आहेत. भ ची डोक्यावरची रेघ डावीकडं तुटलेली. ड शिरोरेघेला बारक्या मानेनं लटकलेला. ग चे दोन तुकडे, एकमेकांना कुठंच न शिवणारे, फक्त वरच्या रेघेनं धरलेले. आणि ड च्या डोक्यावर अनुस्वार, जो कशालाच चिकटलेला नाही.

अशा बॅकलिट, म्हणजे मागून उजळणाऱ्या, अक्षरांचे व्हिडिओ खूप आहेत, पण मी बघितले ते सगळे इंग्रजी अक्षरांचे. तिथं प्रत्येक अक्षर सुटं असतं, प्रत्येकाला आपली वायर, आपले बोल्ट. आपल्याकडं शब्द शिरोरेघेनं एकसंध होतो. आधी मला ती अडचण वाटायची, कारण चार फुटांचा शब्द एकाच तुकड्यात कापायचा, उचलायचा, न मोडता शिडीवर चढवायचा. आता मला वाटतं की शिरोरेघ ही या कामातली सगळ्यात मोठी सोय आहे. तिच्या पाठीत सरळ खोबण कोरली की ती वायरीचा हमरस्ता होते. मेन लाइन तिच्यातून जाते आणि प्रत्येक अक्षराला खाली फाटा फुटतो. भिंतीला वायरीसाठी एकच भोक पुरतं.

पण फाईल करताना याच रेघेचा घोळ होतो, तो आधी सांगतो. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपली शिरोरेघ आपल्याबरोबर घेऊन येतं आणि शेजारच्या रेघेवर थोडी चढवतं. स्क्रीनवर एकच रेघ दिसते. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या बाह्यरेषांत, रूपांतर केलं की प्रत्येक जोडावर दोन आडव्या-उभ्या रेषा एकमेकींत घुसलेल्या राहतात. मशीनला त्या रेषा म्हणजे कापायची वाट. वेल्ड न करता, म्हणजे ते आकार एकजीव न करता, फाईल पाठवली तर कापणारं बिट शिरोरेघ मधूनच कापून जातं. म्हणून वेल्ड केल्यावर मी वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त रेषा दिसतात तिथं, जाऊन प्रत्येक जोड मोठा करून बघतो. पुतण्या फाईल करतो, तरी हे बघणं मी त्याच्यावर सोडत नाही.

दुसरं, आरसा. खोबण पाठीत आहे, म्हणजे बोर्ड पाठ वर करून टेबलावर झोपतो आणि बाहेरची कडही पाठीकडूनच कापली जाते. मग शब्द मशीनला उलटा द्यावा लागतो, आरशात दिसतो तसा. पहिल्या वर्षी मी एका दवाखान्याचा अख्खा बोर्ड सुलटा कापला. खोबण सुंदर, कडा स्वच्छ, आणि उलटवून भिंतीला लावायला गेलो तर सगळे काने डावीकडं. तो बोर्ड शेडच्या मागं अजून आहे. तेव्हापासून बोर्डाच्या प्लास्टिक फिल्मवर मार्करनं 'पाठ' असं लिहिल्याशिवाय स्पिंडल चालू होत नाही. आणि भिंतीला भोकं पाडायचा कागदी नमुना मात्र सुलटाच छापायचा, कारण भिंतीकडं आपण समोरून बघतो. एकाच फाईलचे दोन छाप, एक उलटा, एक सुलटा, आणि दोन्हीवर तारीख.

आता मूळ गोष्ट, खोबणीची.

मी १४ वर्षं कुपवाडच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. सागवानी पॅटर्न करायचो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ओतकामात आधी लाकडाची प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबतात, अलगद वर काढतात आणि राहिलेल्या पोकळीत रस ओततात. बीड (कास्ट आयर्न) थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आटतं, म्हणून आमची फूटपट्टीच त्या मानानं मोठी असायची. आणि पॅटर्नच्या उभ्या भिंती कधीच काटकोनात ठेवायच्या नाहीत. अंश-दोन अंशाचा उतार द्यायचा, त्याला ड्राफ्ट म्हणतात. उतार नसेल तर पॅटर्न वर येताना वाळू घेऊन येतो आणि साचा ढासळतो. पहिल्या सहा महिन्यांत उस्तादांनी माझ्याकडून बाकी काही करून घेतलं नाही, फक्त उतार तासायला लावले. रंध्यानं आणि पटाशीनं.

हे इथं का सांगतोय, ते भडंगच्या पहिल्या नमुन्यात कळलं.

ठरवलेली मापं अशी होती. बोर्ड १८, खोबण १२ खोल, म्हणजे दर्शनी बाजूला ६ मिलिमीटर जाडी शिल्लक. बाजूच्या भिंती ५-५ मिलिमीटरच्या. ६ मिलिमीटरचं बिट, १८००० आरपीएम, एका फेरीत ४ मिलिमीटर, तीन फेऱ्यांत खोली पूर्ण. आधी बोल्टची भोकं, मग खोबण, आणि बाहेरची कड सगळ्यात शेवटी, कारण कड कापली की तुकडा सैल होतो आणि नंतर खोबण कोरायला गेलं तर थरथरतो. काना ४४ मिलिमीटर रुंद, त्यात खोबण मिळाली ३४ ची. ड ची मान २२ ची, तिथं खोबण फक्त १२ ची. पट्टीची रुंदी ८, म्हणजे मानेत ती जेमतेम बसते.

नमुना जोडला, शेडमधले दिवे मालवले आणि चालू केला. काना छान उजळला. ग चा आकडा छान. पण ड ची मान आवळल्यासारखी दिसायला लागली. अक्षराभोवती सगळीकडं साडेचार सेंटीमीटरची मऊ प्रभावळ, आणि मानेपाशी ती एकदम दीड सेंटीमीटरच्या आत. लांबून बघितलं तर ड शिरोरेघेपासून सुटून खाली लोंबतोय असं वाटायचं.

पुतण्या म्हणाला, "काका, तिथं जादा एलईडी टाकूया." टाकले. मान जास्त झगझगीत झाली, पण रुंद काही झाली नाही. म्हणजे प्रकाश कमी नव्हता, त्याला बाहेर पडायला वाट नव्हती.

मग कागदावर आडवा छेद काढला. एलईडी साधारण १२० अंशांत प्रकाश फेकतो, मधल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना ६०. कान्याच्या ३४ च्या खोबणीत दिवा मधोमध, भिंत १७ वर, दिव्याच्या तोंडापासून खोबणीची कड १० वर. ६० अंशांचा किरण कडेला जेमतेम घासून बाहेर पडतो, काही अडत नाही. मानेच्या १२ च्या खोबणीत तीच कड १० वर, पण भिंत फक्त ६ वर. ३१ अंशांच्या पलीकडचं सगळं भिंतीतच मरतं. विहिरीच्या तळातून दिवा लावल्यासारखं.

छेद बघताना हात आपोआप पेन्सिलनं त्या उभ्या भिंतींना उतार द्यायला लागला. १४ वर्षांची सवय. साच्यातून लाकूड निघायला जो उतार लागतो, तोच खोबणीतून प्रकाश निघायला लागतो. मी ९० अंशांचं व्ही बिट लावलं आणि खोबणीच्या तोंडाशी ३ मिलिमीटरची कड ४५ अंशांत उडवली. भिंतीचं टोक ५ ऐवजी २ मिलिमीटरचं राहिलं, पण मागच्या बाजूला असल्यानं दिसत नाही, आणि खाली जाडी पूर्ण असल्यानं ताकद जात नाही. प्रभावळ १३-१४ मिलिमीटरवरून २२-२३ वर गेली. अजून कमी होती. मग मानेतली खोबण १२ ऐवजी ८ खोल केली. दिवा वर आला, वाट मोकळी झाली, आणि टेप लावली तेव्हा ४१-४२ मिलिमीटर भरलं. बाकी अक्षर ४५ ते ४७. एवढा फरक डोळ्याला कळत नाही.

सरसकट सगळी खोबण ८ ची का नाही केली? कारण रुंद भागात उथळ खोबणीतली पट्टी बाजूनं, फुटपाथवरून चालताना, दिसते. रुंद ठिकाणी खोल, चिंचोळ्या ठिकाणी उथळ आणि उताराची, असा हिशेब मला पटला. सगळीकडं एकच खोली ठेवून झटपट खोबण कोरणारे बरेच आहेत. काम चालतं, पण अक्षराची जाडी बदलते तिथं उजेड तुटतो, आणि मराठी अक्षरात जाडी दर दोन इंचांवर बदलते.

वळणांचं वेगळं. साधी पट्टी कागदाच्या फितीसारखी असते, वर-खाली वाकते, आडवी वळत नाही. बळं वळवली की तांब्याचा पापुद्रा सुटतो आणि महिन्याभरात तीन-तीन दिवे विझायला लागतात. तीन-तीनच, कारण १२ व्होल्टच्या पट्टीत तीन दिव्यांचा एक गट असतो. मीटरला ६० दिवे असतील तर ५ सेंटीमीटरला एक गट, आणि कातरी चालवायची ती त्या खुणेवरच. नागमोडी पट्टी मिळते, ती आडवी वळते. मला यावेळी वेळेत मिळाली नाही, म्हणून भ च्या गाठीत मी पट्टी उभी केली, खोबणीच्या भिंतीला चिकटवून, तोंड आतल्या बाजूला. उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून बाहेर येतो. थोडा मंद होतो, म्हणून दोन्ही भिंतींना लावली. ही युक्ती पुढं अनुस्वाराला कामाला आली.

अनुस्वार म्हणजे ६४ मिलिमीटर व्यासाचं गोल बिस्कीट, शिरोरेघेपासून २५ मिलिमीटर वर तरंगणारं. त्याला धरायचं कशानं आणि वीज द्यायची कुठून?

आधी मी ५ मिलिमीटरच्या पारदर्शक अॅक्रिलिकचा छोटा पूल केला, अनुस्वार आणि शिरोरेघ मागून जोडणारा, आणि त्यावरून केसासारख्या दोन तारा नेल्या. दिवसा काहीही दिसेना. मालकांना फोटो पाठवणारच होतो. रात्री चालू केलं तर तो पूलच पेटला. अॅक्रिलिकमध्ये एका कडेनं शिरलेला उजेड आतल्या आत आपटत दुसऱ्या कडेनं बाहेर पडतो, कडांवर तो सगळ्यात जास्त दिसतो. अनुस्वाराला दोन चकाकत्या काड्या फुटल्यासारखं झालं. वर प्रभावळीच्या मधोमध तारांची सावली.

मग पूल काढून टाकला. अनुस्वाराला दोन बोल्ट दिले. एक भरीव, दुसऱ्याच्या जागी पितळेची पोकळ नळी, दोन्ही टोकांना आटे पाडलेली. वायर शिरोरेघेतून भिंतीच्या मागं जाते आणि नळीतून वर येऊन अनुस्वाराच्या पोटात निघते. यासाठी भिंतीच्या मागं जागा पाहिजे. दुकानाची भिंत जुनी, दगडी, तिच्यात चर खोदणं शक्यच नव्हतं. म्हणून १ इंची चौकोनी पाइपची फ्रेम करून त्यावर एसीपीची (दोन पातळ अॅल्युमिनियमच्या थरांमध्ये प्लास्टिक) शीट लावली. वायर त्या पोकळीतून फिरते.

शीट निवडताना मालकांशी थोडं घासलं. त्यांना काळी चकचकीत हवी होती. मी मॅटवर अडून बसलो. चकचकीत पृष्ठभाग आरशासारखा वागतो, त्यात प्रभावळ पसरत नाही, मागच्या एलईडीचा एकेक ठिपका मोजता येतो. आणि काळा रंग उजेड पिऊन टाकतो. शब्दांनी पटेना तेव्हा दोन तुकडे घेऊन गेलो, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि दोन्हींसमोर नमुना धरला. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "ह्यो पांढुरकाच घ्या." फिकट साय रंगाची मॅट शीट ठरली. दिवे ३००० केल्विनचे, पिवळसर. ६५०० चे निळसर पांढरे दिवे खाण्याच्या दुकानाला मी सुचवत नाही, त्या उजेडात भडंगाचा हळदीचा रंगच मरतो.

पुतण्यानं त्या दिवशी विचारलं की पांढऱ्या एलईडीच्या तोंडावर ही पिवळी टिकली कशाची असते. खाली चिप निळा उजेड देते, टिकलीतला फॉस्फर त्यातला काही पिवळा करतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा दिसतो. तो निळा एलईडी जमायलाच फार वर्षं गेली. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुतण्या बराच वेळ विझलेल्या पट्टीकडं बघत राहिला.

अनुस्वाराच्या आत ५४ मिलिमीटरचा गोल खड्डा. ५ सेंटीमीटरचा एक तुकडा आडवा ठेवला तर प्रभावळ लांबट, अंड्यासारखी. दोन शेजारी ठेवले तर कोपरे जवळजवळ गोलाला टेकतात. मग भ च्या गाठीतली युक्ती. खड्ड्याचा परीघ १७० मिलिमीटर, त्यात ५ सेंटीमीटरचे तीन गट, म्हणजे ९ दिवे, भिंतीला उभे चिकटवून तोंड मध्याकडं. एकही दिवा थेट दुकानाच्या भिंतीकडं बघत नाही. उजेड आत घुसळला जातो आणि तोंडाच्या उतारावरून सगळीकडं सारखा सांडतो.

पट्टीच्या मागच्या चिकटपट्टीवर मी विसंबत नाही. आपल्याकडचा एप्रिल तिला पेलवत नाही, पट्टी सुटून लोंबते. दर ७-८ सेंटीमीटरवर सिलिकॉनचा एक थेंब. डब्ल्यूपीसी बोर्ड उष्णता ओढून घेत नाही, म्हणून पट्टी कमी वॅटची घेतो. या रोलला मल्टीमीटरवर मीटरला अर्धा अँपिअर भरला. पट्टी लागली ५.२ मीटर, म्हणजे २.६ अँपिअर. एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा, ५ अँपिअरचा बसवला, अर्ध्या ताकदीवर चालतो आणि गरम होत नाही. वीज शिरोरेघेच्या दोन्ही टोकांनी दिली. एकाच टोकानं दिली असती तर भ ठळक आणि ग मलूल दिसला असता. पावसाचं पाणी आत साचू नये म्हणून प्रत्येक खोबणीच्या सगळ्यात खालच्या बिंदूला ४ मिलिमीटरचं भोक, खालच्या कडेत, जिथं नजर जात नाही.

एसएमपीएस कुठं ठेवायचा हे मी विचारायच्या आधी मालकांनीच सांगितलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या दुकानात छातीएवढं पाणी होतं. २०२१ ला परत आलं. मीटर, फ्रीज, वजनकाटा सगळं त्यांनी एकदा फेकून दिलेलं आहे. "माळ्यावर, पार आढ्याला," ते म्हणाले. एसएमपीएस तिथंच आहे, आणि वायर वरून खाली येते.

जोडणीच्या आदल्या दिवशी मी फक्त कोपरे केले. ६ मिलिमीटरचं बिट आतल्या कोपऱ्यात ३ मिलिमीटरची गोलाई सोडतं. खोबणीत ती चालते, पण काना शिरोरेघेला भेटतो त्या दर्शनी कोपऱ्यात ती मला बघवत नाही, अक्षर बोथट दिसतं. फाउंड्रीतली अर्ध्या इंचाची पटाशी अजून आहे माझ्याकडं, पातं निम्मं झिजलेलं. तिनं पाचही कोपरे काटकोनात आणले. एका कोपऱ्याला चार मिनिटं.

मंगळवारी संध्याकाळी लावलं. सुलटा कागद भिंतीला चिकटवून भोकं पाडली, शब्द दोघांनी उचलला, बोल्ट एकदम बसले. अनुस्वार सगळ्यात शेवटी, मी एकट्यानं. नळीतून वायर ओढून घेतली, जोड दिला, दाबून बसवला. मालक खाली रस्त्यावर उभे होते, त्यांच्या सूनबाईंनी आतून बटण दाबलं. मी शिडीवरच होतो. लांबून कसं दिसतंय ते मला तिथून कळणार नव्हतं, म्हणून खिशातली टेप काढून अनुस्वाराच्या तिन्ही मोकळ्या बाजूंनी प्रभावळ मोजली. वर ४५, डावीकडं ४५, उजवीकडं ४५.